थरथरीतली वीज



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला इचलकरंजीत चालते, त्या सरांकडे पदार्थविज्ञान शिकलेली बरीच मंडळी आज समोर बसली आहेत. त्यांना आठवत असेल, कुणी एखादी नवी कल्पना घेऊन गेलं की सर आधी आकडा विचारत. किती, कशाच्या तुलनेत आणि मोजलं कुणी? आजचा विषय असा आहे की हे प्रश्न आधी विचारले नाहीत, तर तो माणसाला भलतीकडे घेऊन जातो. म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करतो.

यंत्रं थरथरतात, चाकं थरथरतात, खिडकीची काच थरथरते. या थरथरीतून वीज मिळवायची आणि तिच्यावर बिनतारी सेन्सर चालवायचे, असा हा विषय. तो ऐकल्याबरोबर आपल्या मनात पहिला विचार येतो तो फुकटच्या विजेचा. या गावात माग दिवसरात्र चालतात, जमीन हादरते, मग ती वीज वाया का घालवायची? दादरच्या रेल्वे पुलावरून रोज केवढी माणसं जातात, त्यांच्या पावलांवर स्थानकाचे दिवे का लावू नयेत? हा विचार जपानमध्येही झाला. जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीनं २००६ साली टोकियो स्थानकात वीज देणाऱ्या जमिनीचा प्रयोग करून पाहिला.

आपण गणित करू. साठ किलोचा माणूस फरशीवर पाऊल टाकतो आणि फरशी पाच मिलिमीटर खचते. त्यातून जास्तीत जास्त मिळणारी ऊर्जा सुमारे ३ ज्यूल. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एका युनिटला १२ लाख पावलं लागतील, आणि तीही खचणाऱ्या फरशीतली सगळीच्या सगळी ऊर्जा विजेत उतरली तर. प्रत्यक्षात तिचा थोडाच भाग उतरतो. शिवाय ही ऊर्जा आकाशातून पडलेली नाही. खचणाऱ्या जमिनीवर चालणाऱ्याला तेवढे श्रम जास्त पडतात. रस्त्याखाली असं काही बसवलं तर तिथली वीज गाड्यांच्या पेट्रोलमधून येते, म्हणजे गाडीवाल्यांच्या खिशातून. थरथरीवर गाव उजळण्याचं स्वप्न सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते सोडलं की या विषयातली खरी मोलाची गोष्ट दिसायला लागते.

ती गोष्ट मायक्रोवॉटमध्ये मोजतात. एक मायक्रोवॉट म्हणजे वॉटचा दहा लाखावा भाग. चांगल्या जागी बसवलेलं काडेपेटीएवढं किंवा त्याहून लहान उपकरण थरथरीतून शंभर मायक्रोवॉट देतं असं धरू. घरातला नऊ वॉटचा एक एलईडी दिवा लावायला अशी नव्वद हजार उपकरणं लागतील. पण एका सेन्सरला शंभर मायक्रोवॉट पुरतात. का पुरतात ते नीट पाहू, कारण सगळ्या विषयाचा कणा तिथं आहे.

बिनतारी सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. झोपेत त्याची भूक चार-पाच मायक्रोवॉटची. मधूनच तो जागा होतो, तापमान किंवा कंपन मोजतो, रेडिओवरून निरोप पाठवतो आणि पुन्हा झोपतो. निरोप पाठवताना तो तीसेक मिलिवॉट खातो, म्हणजे थरथरीतून येणाऱ्या विजेच्या तीनशे पट. मात्र हे खाणं सेकंदाच्या शंभराव्या भागात आटोपतं. हिशेब केला तर एका निरोपाला तीनशे मायक्रोज्यूल लागले, आणि शंभर मायक्रोवॉटच्या कमाईत ते तीन सेकंदांत जमतात. मोजण्याचा आणि गणित करण्याचा खर्च धरला तरी मिनिटाला एक निरोप सहज परवडतो. मधल्या काळात वीज एका कॅपॅसिटरमध्ये साठत राहते. या शतकाच्या सुरुवातीला चिप्सची भूक इतकी खाली आली की थरथरीची तुटपुंजी कमाई आणि सेन्सरचा खर्च यांची गाठ पडू शकली. विषय पुढे आला तो यामुळे. त्यामागचं पदार्थविज्ञान पुष्कळ जुनं आहे.

फॅरेडेनं १८३१ साली दाखवलं की चुंबक आणि तारेचं वेटोळं एकमेकांच्या सापेक्ष हलले की तारेत वीज निर्माण होते. पॅरिसमध्ये १८८० साली झाक आणि पिएर क्यूरी या दोन भावांना आढळलं की क्वार्ट्‌झ, टुर्मलीन अशा काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार जमतो. दोघंही तेव्हा पंचविशीच्या आत होते. पिएरचं नाव आपण मेरी क्यूरीमुळे आणि रेडियममुळे घेतो. हा शोध मात्र लोकांच्या स्मरणात तेवढा नाही, याची मला खंत वाटते. आज तो आपल्या स्वयंपाकघरात आहे. गॅस लायटरचा खटका दाबला की आतली छोटी हातोडी अशाच गुणाच्या सिरॅमिकवर आपटते आणि काही हजार व्होल्टची ठिणगी उडते. तिथं सेलही नसतो आणि वायरही नसते. लायटरमध्ये अंगठ्याचं जे बळ लागतं, त्याच्या जागी यंत्राची थरथर बसवायची, म्हणजे आजचा विषय झाला.

एका पात्याचं एक टोक घट्ट बसवायचं, दुसऱ्या टोकाला वजन लावायचं आणि पात्यावर ते सिरॅमिक चिकटवायचं. यंत्र हललं की पातं वाकतं आणि वीज येते. नाहीतर स्प्रिंगवर चुंबक टांगायचा आणि शेजारी वेटोळं ठेवायचं. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात विल्यम्स आणि येट्स यांनी १९९६ साली अशा सूक्ष्म जनित्राचं गणित मांडलं. पाच मिलिमीटर लांब, तेवढंच रुंद आणि एक मिलिमीटर जाड उपकरण ७० हर्ट्‌झच्या कंपनावर एक मायक्रोवॉट आणि ३३० हर्ट्‌झवर शंभर मायक्रोवॉट देईल, असं त्यांचं भाकीत होतं. साउदॅम्प्टन विद्यापीठात स्टीव्ह बीबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली ०.१५ घन सेंटिमीटरचं जनित्र प्रत्यक्ष चालवून दाखवलं. ५२ हर्ट्‌झच्या अगदी मंद कंपनावर, गुरुत्वाच्या सहा टक्के प्रवेगावर, त्यातून ४६ मायक्रोवॉट मिळाले.

यातली खरी अडचण इथल्या श्रोत्यांना मिरजेच्या सतारीवरून लगेच कळेल. सतारीच्या तरफेच्या तारांना वाजवणारा सहसा हात लावत नाही. वरच्या तारेवर तो स्वर लागला की त्या आपोआप झंकारतात. पण तरफ जराशी उतरलेली असेल तर वरचा स्वर कितीही जोरात लावा, ती गप्प राहते. कंपनातून वीज देणाऱ्या पात्याचं तेच आहे. पात्याची स्वतःची वारंवारता आणि यंत्राची वारंवारता जुळली तर पातं मोठ्यानं डोलतं. चार-पाच टक्क्यांचा फरक पडला तर वीज एकदम घटून अगदी थोडी उरते. ज्या वारंवारतांवर वीज मिळते तो पट्टा रुंद करण्यासाठी इटलीतल्या पेरूजा विद्यापीठापासून अनेक ठिकाणी खूप काम झालेलं आहे. जवळ चुंबक ठेवून पात्याला दोन स्थिर स्थिती द्यायच्या, ही त्यातली सुंदर कल्पना. तरीही बाजारात जे टिकलं, ते बहुतेक ठरावीक वारंवारतेच्या जागा शोधूनच टिकलं.

अशा जागा कुठं असतात, हे शोधण्याचं नमुनेदार काम कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठात झालं. शॅड राउंडी, पॉल राइट आणि यान राबाए यांनी २००३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात रोजच्या वस्तूंच्या कंपनाचा तक्ता आहे. मोटारीच्या इंजिनाशेजारी २०० हर्ट्‌झ आणि सेकंदवर्गाला १२ मीटर प्रवेग. मायक्रोवेव्ह ओव्हनवर २.५ मीटर. वर्दळीच्या रस्त्यालगतच्या खिडकीवर ०.७. फ्रीजवर फक्त ०.१. प्रवेग दुप्पट झाला की मिळणारी वीज चौपट होते, त्यामुळे या आकड्यांमधलं अंतर दिसतं त्यापेक्षा फार मोठं आहे.

त्याच तक्त्यात आणखी एक गोष्ट नजरेत भरते. मायक्रोवेव्ह ओव्हन, कपडे वाळवण्याचं यंत्र, मिक्सर, सगळे १२० हर्ट्‌झच्या आसपास थरथरतात. याचं कारण अमेरिकेची वीज ६० हर्ट्‌झची आहे, आणि विजेच्या यंत्रातलं चुंबकीय बळ एका आवर्तनात दोनदा शिखर गाठतं. आपली वीज ५० हर्ट्‌झची. रस्त्याकडेचा ट्रान्सफॉर्मर जो गुणगुणतो तो १०० हर्ट्‌झवर. अमेरिकेसाठी १२०वर जुळवलेलं उत्तम उपकरण इचलकरंजीच्या ट्रान्सफॉर्मरवर चिकटवलं तर ते जवळपास मुकं राहील. ज्ञान सगळ्या जगाचं असलं तरी हा एक आकडा ज्याचा त्यानं आपल्या घरी मोजायचा असतो.

आणि आपल्या घरी एक चांगली गोष्ट घडलेली आहे. १९९०च्या दशकात आपल्या ग्रिडची वारंवारता ४९च्या खाली घसरायची. तेव्हा १०० हर्ट्‌झवर जुळवलेलं पातं दिवसातला कितीतरी वेळ नुसतं बसून राहिलं असतं. आता ग्रिड संहितेनं ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ एवढा अरुंद पट्टा घालून दिलेला आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ९९.८ ते १००.१च्या मध्ये. ग्रिड सांभाळणाऱ्या अभियंत्यांनी लावलेली ही शिस्त या छोट्या पात्यांच्या पथ्यावर पडली आहे.

इथं एक शंका रास्त आहे. जिथं विजेची मोटर आहे तिथं वीज आहेच, मग सेन्सरला तिथूनच का देऊ नये? मोटरला जाणारी वीज तीन फेजची, चारशे व्होल्टच्या पुढची. तिच्यातून तीन व्होल्ट काढायचे म्हणजे प्रत्येक सेन्सरसाठी वेगळा पुरवठा, वेगळं इन्सुलेशन, काम करताना यंत्र बंद ठेवण्याची परवानगी. तेलशुद्धीकरण कारखान्यात, जिथं हवेत पेटता वायू असू शकतो, तिथं प्रत्येक जोड तपासून प्रमाणित करावा लागतो. अशा ठिकाणी सेन्सर स्वस्त असतो आणि वायर महाग पडते. फिरणाऱ्या भागावर तर वायर नेणंच कठीण. अमेरिकेतल्या मायक्रोस्ट्रेन कंपनीनं २००७ साली बेल ४१२ हेलिकॉप्टरच्या पात्यांना वळवणाऱ्या दांड्यावर असा स्वयंपूर्ण सेन्सर बसवून उड्डाणात चाचणी घेतली. दांड्यावर येणारा ताणच त्याला वीज देत होता, आणि तोच ताण तो मोजत होता.

हे वाक्य मी मुद्दाम असं मांडलं, कारण मला आज जे सांगायचं आहे ते त्यात आहे. जे मोजायचं तेच वीज देतं, अशा जागी ही विद्या सर्वात शोभते. याचं माझ्या मते सगळ्यात पूर्ण उदाहरण रेल्वेच्या चाकांवर घडलं.

साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधनातून २००४ साली पर्पेच्युअम नावाची कंपनी निघाली. सुरुवातीला तिनं कारखान्यांतल्या मोटरींसाठी जनित्रं केली, १०० हर्ट्‌झच्या देशांसाठी वेगळी आणि १२० हर्ट्‌झच्या देशांसाठी वेगळी. पुढे ती रेल्वेकडे वळली. डब्याच्या प्रत्येक आसाच्या दोन्ही टोकांना बेअरिंगची पेटी असते. तिच्यावर डब्याचं वजन असतं आणि तिच्या खाली स्प्रिंग नसते. रुळाचा प्रत्येक सांधा आणि चाकाचा प्रत्येक खडबडीतपणा थेट तिच्या अंगावर येतो. तिथं वायर न्यायची तर ती बोगीबरोबर सतत हलणार, पावसात भिजणार, खडीचे मार खाणार. बॅटरी ठेवायची तर ती बदलणार कोण? एका डब्याला चार आस, म्हणजे आठ पेट्या. मुंबईची बारा डब्यांची लोकल घ्या, एका गाडीत ९६ पेट्या होतात.

पर्पेच्युअमनं पेटीवर बोल्टनं आवळायचं एक उपकरण केलं. आत चुंबक आणि वेटोळं, शेजारी प्रवेग आणि तापमान मोजणारे सेन्सर आणि रेडिओ. गाडी धावू लागली की पेटी थरथरते, त्यातून वीज येते, आणि त्याच थरथरीचं विश्लेषण होऊन बेअरिंग झिजत आहे का, चाक एका जागी घासून सपाट झालं आहे का, याचा निरोप डब्यातल्या यंत्राकडे आणि तिथून कार्यशाळेकडे जातो. चाक सपाट झालं तर प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडतो, तो नोंदीत स्वच्छ दिसतो. गाडी उभी राहिली की वीज थांबते. पण उभ्या गाडीत मोजण्यासारखंही काही नसतं. लंडनच्या आग्नेयेकडे धावणाऱ्या साउथईस्टर्न कंपनीच्या इलेक्ट्रोस्टार गाड्यांवर हे सेन्सर बसले. बेअरिंग इतके किलोमीटर झाले म्हणून बदलण्याऐवजी, ते खरोखर झिजायला लागलं तेव्हा बदलायचं, असा कारभार त्यामुळे करता येतो. २०२१ साली हिताची रेलनं ही कंपनी विकत घेतली.

आपल्याकडे गाडी स्थानकात शिरताना रुळालगत थांबून चाकांचा आवाज ऐकणारे आणि बेअरिंगच्या पेट्यांचं तापमान बघणारे रेल्वेचे कर्मचारी तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या कानाबद्दल मला अपार आदर आहे. पण बेअरिंग बिघडायला लागतं ते दोन स्थानकांच्या मध्ये, भर वेगात. तिथं तो कान पोचत नाही. रात्रंदिवस उभं राहणाऱ्या त्या माणसांच्या मदतीला हा सेन्सर यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता जिथं हे जमत नाही त्या जागाही सांगितल्या पाहिजेत. पूल ही पहिली. पुलांवर सेन्सर हवेतच, यात वाद नाही. २००६ साली बर्कलीच्या संशोधकांनी गोल्डन गेट पुलावर ६४ बिनतारी सेन्सर लावून त्याचं डोलणं टिपलं. ते बॅटरीवर चालत होते. मोठा पूल फार सावकाश आणि फार हळुवार हलतो. एवढ्या कमी प्रवेगावर जनित्राच्या पदरात जवळजवळ काही पडत नाही. उन्हातल्या पुलावर हातभर सौर पत्रा जे देतो, त्याची बरोबरी थरथर करू शकत नाही.

दुसरी जागा आपल्या गावाची आहे. धोट्याचा साधा यंत्रमाग मिनिटाला सुमारे १२० वेळा धोटा फेकतो, म्हणजे सेकंदाला दोनदा. जमीन हादरते म्हणून वाटतं की इथं भरपूर मिळेल. पण दोन हर्ट्‌झला जुळणारी स्प्रिंग केली तर ती स्वतःच्या वजनानंच सहा सेंटिमीटर ताणली जाते. शंभर हर्ट्‌झला हाच ताण मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढा असतो. म्हणून सावकाश हालचालीसाठी लहान जनित्र करणं अवघड. तरी वाट बंद झालेली नाही. धोट्याच्या फटक्यानं मागाची चौकट क्षणभर तिच्या स्वतःच्या उंच वारंवारतेवर झणझणते. त्या फटक्यानं पात्याला टिचकी मारायची आणि पुढच्या फटक्यापर्यंत ते वेगानं हलत ठेवायचं, अशी रचना संशोधकांनी करून पाहिलेली आहे. मागासाठी ती कुणी नीट बांधली तर मला पाहायला आवडेल. रॅपिअर आणि एअरजेट मागांची गती याच्या कितीतरी पट जास्त, तिथं काम तुलनेनं सोपं आहे.

आणि बॅटरीशी न्यायानं वागलं पाहिजे. घड्याळातल्यासारखा सीआर २०३२ सेल शंभर मायक्रोवॉटवर नऊ-सव्वानऊ महिने चालतो. पेन्सिल सेलच्या आकाराचा चांगला लिथियम सेल कागदावर दहा वर्षं काढतो, उष्णतेत त्याहून कमी. जिथं हात सहज पोचतो आणि सेन्सर दहा-वीसच आहेत, तिथं सेलच घ्यावा. शिवाय थरथरीच्या उपकरणातलं लोकप्रिय सिरॅमिक, पीझेडटी, वजनाच्या निम्म्याहून जास्त शिसं असलेलं असतं. सेल फेकून देण्याचा प्रश्न सोडवताना शिशाचा प्रश्न विसरून चालणार नाही.

आता थेट तरुण मंडळींशी बोलतो. इथं अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेच आलेले दिसतात. तुमच्या प्रकल्पांच्या यादीत दर वर्षी पावलांवर दिवा लावणारी फरशी असते. ती या वर्षी बाजूला ठेवा. त्याऐवजी एक प्रवेगमापक घ्या आणि या परिसरातल्या यंत्रांची थरथर मोजून तिचा तक्ता करा. माग, कांडी भरायची यंत्रं, सायझिंगची यंत्रं, साखर कारखान्यातले पंप, कोल्हापूरच्या फाउंड्रीतले कॉम्प्रेसर, चौकातले ट्रान्सफॉर्मर. मोबाइलमध्येही प्रवेगमापक असतो, पण तो सेकंदाला किती नोंदी घेतो ते आधी तपासा. शंभर हर्ट्‌झचं कंपन टिपायला सेकंदाला दोनशेहून जास्त नोंदी लागतात, नाहीतर आकडे फसवतील. प्रत्येक नोंदीसोबत यंत्राची गती, भार आणि मापक नेमका कुठं चिकटवला होता ते लिहा. चालू यंत्राला हात लावण्याआधी मागाची देखभाल करणाऱ्या जॉबरला विचारा. कुठला माग कसा हलतो हे तुमच्या मापकाच्या आधी त्याला माहीत असतं. बर्कलीच्या त्या तक्त्यातले आकडे १२० हर्ट्‌झच्या देशातले आहेत. १०० हर्ट्‌झच्या देशातला, आपल्या यंत्रांचा तक्ता तुम्ही करा, आणि तो कपाटात न ठेवता सगळ्यांना खुला करा.